पायरी कोणत्या गावच्या कोर्टाची?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मराठीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती पायरी कोणत्या गावची, याबद्दल मात्र म्हण मौन पाळते. घेणेकरी आणि देणेकरी एकाच तालुक्यात राहत, त्या काळी हा प्रश्न फारसा उद्भवतही नसे. आज समजा तिरुपूरच्या एखाद्या होजिअरी उत्पादकाने जयपूरच्या दुकानदाराला माल पाठविला. पैशाचा धनादेश कुरिअरने आला, तिरुपूरच्या शाखेत जमा झाला आणि जयपूरच्या खात्यात शिल्लक नसल्याने परत फिरला. आता फिर्याद कोठे करावयाची? तिरुपूरला केली तर जयपूरच्या माणसाला प्रत्येक तारखेला देश ओलांडावा लागणार. जयपूरला केली तर तोच प्रवास तिरुपूरच्या माणसाच्या वाट्याला येणार, आणि तोही आधीच बुडालेल्या पैशाच्या मागे. येणे पन्नास हजारांचे असेल तर चार-सहा तारखांतच गाडीभाडे, मुक्काम आणि वकिलाची फी यांत ते खर्ची पडावयाचे. कायद्याच्या पुस्तकात ‘प्रादेशिक अधिकारक्षेत्र’ अशा रुक्ष मथळ्याखाली येणारा हा विषय, पैसे मागावयास जाणे परवडेल की नाही, हेच व्यवहारात ठरवून टाकतो.

मूळ नियम साधा आहे. गुन्हा ज्या हद्दीत घडला, तेथील न्यायालयाने त्याची चौकशी व सुनावणी करावी. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम १७७ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम १९७ मध्ये आहे. या कलमात ‘सामान्यतः’ असा एक शब्द आहे आणि सारी गुंतागुंत त्या एका शब्दाच्या आश्रयाने शिरते. चोरी, मारामारी, घरफोडी यांना जागा असते. फसवणुकीचे तसे नाही. बोलणारा एका गावी, ऐकणारा दुसऱ्या गावी, पैसे तिसऱ्या गावी मोजले जातात आणि चौथ्या गावी खर्च होतात. मग गुन्हा ‘घडला’ कोठे?

कराचीतील आरोपी, मुंबईतील गुन्हा

या प्रश्नाचे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये दिलेले उत्तर आजही पायाभूत मानले जाते. मोबारिक अली अहमद विरुद्ध मुंबई राज्य हा तो खटला. १९५१ मध्ये गोव्यात तांदळाची तीव्र टंचाई होती. गोवा त्या वेळी पोर्तुगीज अमलाखाली होता. तेथील एका व्यापाऱ्याने मुंबईतील मध्यस्थांमार्फत कराचीच्या एका व्यापाऱ्याशी तांदळाचा सौदा केला. माल तयार आहे, जहाजावर चढविण्याची व्यवस्था झाली आहे, अशी पत्रे आणि तारा कराचीहून मुंबईला येत राहिल्या, दूरध्वनीवर आश्वासने मिळत राहिली. त्यांवर विसंबून मुंबईत टप्प्याटप्प्याने साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम मोजण्यात आली. त्या काळच्या मानाने ही रक्कम डोळे विस्फारायला लावणारी होती. तांदूळ काही आला नाही.

आरोपी पुढे इंग्लंडमध्ये सापडला. दुसऱ्या एका गुन्ह्यासंबंधात प्रत्यार्पण होऊन तो भारतात आला आणि मुंबईत त्याच्यावर फसवणुकीचा खटला चालला. त्याचा बचाव मोठा तर्कशुद्ध वाटावा असा होता. तो पाकिस्तानचा नागरिक होता, व्यवहार चालू असताना मुंबईत नव्हता, जे काही केले ते कराचीत बसून केले. मग मुंबईच्या न्यायालयाचा संबंधच काय? सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. खोटी माहिती मुंबईत पोहोचली, तिच्यावर विश्वास मुंबईत ठेवला गेला आणि पैसेही मुंबईतच दिले गेले. म्हणजे फसवणुकीचे सर्व घटक मुंबईत पूर्ण झाले. आरोपीचा देह तेथे हजर असणे आवश्यक नाही, असा त्या निर्णयाचा गाभा आहे.

तारायंत्र इतिहासजमा झाले, तरी युक्ती तीच राहिली. म्हणूनच नव्या संहितेच्या कलम २०२ मध्ये पत्रे आणि दूरसंचार संदेश यांच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक संदेशांचाही स्पष्ट उल्लेख करण्यात आला आहे. असे संदेश वापरून फसवणूक झाली असेल, तर संदेश जेथून पाठविला ते ठिकाण आणि जेथे मिळाला ते ठिकाण, या दोहोंपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायालयात खटला चालू शकतो. फसवून पैसे किंवा माल काढून घेतला असेल, तर तो जेथे दिला गेला आणि आरोपीला जेथे मिळाला, त्या ठिकाणची न्यायालयेही सक्षम ठरतात. फसलेल्या माणसापुढे असे चार दरवाजे उघडे राहतात आणि त्यांतले किमान एक-दोन बहुधा त्याच्या स्वतःच्या गावी असतात. फसविणाऱ्याने दूरचे गाव निवडले म्हणून फसलेल्याने तेथवर खेटे घालावेत, असा कायद्याचा आग्रह नाही.

धनादेशाची कथा निराळी

न वटलेल्या धनादेशाला लोक सर्रास ‘फसवणूक’ म्हणतात, पण कायद्याच्या दृष्टीने हे दोन वेगळे गुन्हे आहेत. फसवणुकीच्या गुन्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० आणि आताच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये, सुरुवातीपासून मनात कपट होते हे सिद्ध करावे लागते. धनादेशाच्या बाबतीत ते सिद्ध करण्याची गरज नसते. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१, म्हणजेच व्यापाऱ्यांच्या तोंडचा ‘निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट’, यात १ एप्रिल १९८९ पासून कलम १३८ अमलात आले. धनादेश न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावयाची, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत देणेकऱ्याने पैसे चुकते न केल्यास पुढील एका महिन्यात फिर्याद करावयाची, अशी ही वाट आहे. (नोटिशीची मुदत आरंभी १५ दिवसांची होती, २००२ च्या दुरुस्तीने ती वाढली.) वाट सोपी, वेळापत्रक काटेकोर. फक्त ही फिर्याद कोणत्या गावी करावयाची, एवढेच मूळ कायद्याने सांगितले नव्हते.

ती उणीव न्यायालयांना भरून काढावी लागली. १९९९ मध्ये के. भास्करन विरुद्ध शंकरन वैद्यन बालन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या गुन्ह्याचे पाच भाग दाखविले. धनादेश लिहिणे, तो बँकेत सादर करणे, ज्या बँकेवर काढला तिने तो परत करणे, नोटीस देणे आणि १५ दिवसांत पैसे न देणे. हे पाचही एकाच ठिकाणी घडण्याची अपेक्षा व्यर्थ आहे. तेव्हा पाचांपैकी ज्या ज्या ठिकाणी काही घडले असेल, त्यांतील कोणतेही न्यायालय फिर्यादीला निवडता येईल, असा निर्णय झाला.

व्यापाऱ्यांना आणि वित्तसंस्थांना तो मानवला यात नवल नाही. पण पाच दरवाज्यांपैकी एक फारच सैल होता. नोटीस कोठूनही धाडता येते. व्यवहार एका शहरात, दोन्ही खाती त्याच शहरात, आणि नोटीस मात्र मुख्यालयातून किंवा वकिलाच्या कचेरीतून दुसऱ्याच शहरातली, असे प्रकार घडू लागले. डिसेंबर २००८ मध्ये हरमन इलेक्ट्रॉनिक्स प्रकरणात नेमका असाच मुद्दा आला. धनादेश चंडीगडला दिलेला, चंडीगडलाच सादर झालेला. नोटीस मात्र दिल्लीहून पाठविली म्हणून फिर्याद दिल्लीत. केवळ नोटीस पाठविण्याने न्यायालयाला अधिकार मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आणि तो सैल दरवाजा बंद केला.

पुढची पायरी १ ऑगस्ट २०१४ रोजी आली. दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निर्णयात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने भास्करनची पंचसूत्री बाजूला ठेवली. धनादेश परत आला त्याच क्षणी गुन्हा पूर्ण होतो. नोटीस आणि पंधरा दिवस या केवळ खटला भरण्यापूर्वीच्या अटी आहेत. म्हणून देणेकऱ्याची बँक ज्या ठिकाणी धनादेश परत करते, तेथीलच न्यायालयात फिर्याद व्हावी, असे तर्कशास्त्र होते. फिर्यादी आपल्या सोयीचे गाव निवडून समोरच्याला हैराण करतात, ही खंत या निर्णयामागे होती. ती अनाठायी म्हणता येणार नाही.

मात्र परिणाम दूरगामी झाला. देशभरातील न्यायालयांत साचलेल्या फिर्यादी ‘योग्य न्यायालयात ३० दिवसांत दाखल करा’ अशा शेऱ्यासह परत होऊ लागल्या. आरोपी हजर होऊन साक्षीपुराव्याचा टप्पा सुरू झालेली प्रकरणे तेवढी जागीच राहिली. तिरुपूरच्या उत्पादकाला आता जयपूर गाठणे भाग होते. दहा राज्यांत माल विकणाऱ्याला दहा राज्यांत वकील नेमावे लागणार होते. ज्याने धनादेश न वटू देण्याची चूक केली, त्याच्या दारी न्यायालय, आणि ज्याचे पैसे अडकले त्याच्या वाट्याला प्रवास, असा हा उलटा न्याय अनेकांना खटकला.

शिवाय बँकांच्या कारभारातील बदलामुळे एक वेगळाच पेच उभा राहिला. धनादेशाचा कागद गावोगाव फिरविण्याऐवजी त्याची प्रतिमा पाठवून समाशोधन करण्याची पद्धत तोवर रूढ झाली होती. चेन्नई, मुंबई आणि नवी दिल्ली या तीन केंद्रांतून ते काम चाले. त्यातच ‘सर्व शाखांत सममूल्याने देय’ असा छाप बहुतेक धनादेशांवर असे. मग जयपूरच्या खात्यावरचा धनादेश ‘परत’ झाला कोठे, जयपूरला की समाशोधन केंद्रावर? मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१४ मध्येच अशा सममूल्य धनादेशांबाबत स्थानिक न्यायालयाच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय येऊन महिनाही उलटला नव्हता.

संसदेचा हस्तक्षेप

अखेर कायदाच बदलण्यात आला. १५ जून २०१५ रोजी अध्यादेश निघाला, सप्टेंबरात दुसरा निघाला आणि डिसेंबरात दुरुस्ती अधिनियम संमत होऊन तो १५ जूनपासूनच लागू मानण्यात आला. अधिनियमात कलम १४२ ला नवे दुसरे पोटकलम जोडले गेले. धनादेश खात्यामार्फत वसुलीसाठी दिला असेल, तर ज्याला पैसे मिळावयाचे त्याचे खाते ज्या शाखेत आहे, त्या शाखेच्या हद्दीतील न्यायालय. खात्यामार्फत न देता सादर केला असेल, तर देणेकऱ्याचे खाते असलेल्या शाखेच्या हद्दीतील न्यायालय. तिरुपूरचा उत्पादक पुन्हा तिरुपूरला आला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिजस्टोन इंडिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अध्यादेशाच्या आधारे हीच बाब स्पष्ट केली. धनादेश चंडीगडच्या खात्यावरचा, वसुलीला दिला इंदूरच्या शाखेत. खटला इंदूरला चालेल. सोबत आलेल्या कलम १४२-क ने आणखी एक शहाणपणाची तरतूद केली. एकाच घेणेकऱ्याने एकाच देणेकऱ्याविरुद्ध नव्या नियमानुसार एका न्यायालयात फिर्याद दाखल केली असेल, तर नंतरच्या फिर्यादीही त्याच न्यायालयात जाव्यात, मग धनादेश कोठेही वसुलीला दिलेले असोत. एका माणसाला सहा धनादेशांपायी सहा शहरांत उभे करण्याची वाट त्यामुळे बंद झाली.

पंधरा-सोळा वर्षांत लंबक असा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आणि पुन्हा पहिल्या बाजूला गेला. आता तो स्थिरावला आहे, आणि एकंदरीत योग्य बाजूला स्थिरावला आहे. तरीही नाण्याची दुसरी बाजू बँकेच्या नियतकालिकात तरी झाकून ठेवू नये. लहान व्यापारी घेणेकरी असतो तेव्हा हा नियम त्याचे रक्षण करतो. पण घेणेकरी मोठी वित्तसंस्था असेल आणि तिची वसुलीची खाती एखाद्याच महानगरात एकवटलेली असतील, तर देशाच्या कानाकोपऱ्यातील कर्जदाराला त्या एका शहराचे समन्स येते. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असेच प्रकरण आले. कर्जव्यवहार कोइमतूरचा, फिर्याद चंडीगडला. कर्जदार कंपनीने खटला कोइमतूरला हलविण्याची विनंती केली. न्यायालयाने ती नाकारली. कायद्याने चंडीगडच्या न्यायालयाला अधिकार दिलेला असताना, केवळ आरोपीची गैरसोय होते एवढ्यावरून खटला हलविता येणार नाही, असा त्याचा आशय. कायद्याच्या दृष्टीने हे निर्विवाद आहे. तमिळनाडूतील कर्जदाराला ते कितपत पटेल, हा प्रश्न मात्र उरतोच.

दूरच्या आरोपीसाठी एक चाळणी मात्र कायद्याने राखून ठेवली आहे. आरोपी न्यायालयाच्या हद्दीबाहेर राहत असेल, तर समन्स काढण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याने फिर्यादीत तथ्य आहे का, याची चौकशी करणे बंधनकारक आहे. पूर्वी हे कलम २०२ होते, नव्या संहितेत २२५ आहे. १६ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने धनादेशाच्या प्रकरणांतही ही चौकशी टाळता येणार नाही, असे बजावले; मात्र ती प्रतिज्ञापत्रावर आणि कागदपत्रे तपासूनही करता येईल, अशी सवलत दिली. त्या सुनावणीत पुढे आलेला आकडा उद्बोधक आहे. २०१९ अखेर देशात प्रलंबित असलेल्या २.३१ कोटी फौजदारी खटल्यांपैकी ३५.१६ लाख एकट्या कलम १३८ चे होते. फौजदारी न्यायालयाच्या मेजावरील दर सहा-सात गठ्ठ्यांमागे एक गठ्ठा न वटलेल्या धनादेशाचा!

‘शाखा’ या शब्दाचे मोल

२०१५ नंतर अधिकारक्षेत्राची सारी मदार ‘खाते असलेली शाखा’ या शब्दांवर आहे, आणि येथे बँक कर्मचाऱ्यांचा थेट संबंध येतो. संगणकीकरणानंतर खातेदार कोणत्याही शाखेत धनादेश भरू शकतो. पण जेथे भरला ती शाखा आणि जेथे खाते आहे ती शाखा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्यातील स्पष्टीकरण सांगते की, धनादेश आपल्या बँकेच्या कोणत्याही शाखेत दिला, तरी तो मूळ शाखेतच दिला असे समजावे. २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेल्या एका प्रकरणात खाते मंगळूरच्या शाखेत होते, धनादेश मात्र मुंबईत ऑपेरा हाऊसच्या शाखेत भरले गेले होते. फिर्याद मंगळूरला दाखल झाली; खाते मुंबईतच असावे या समजुतीने तेथील न्यायालयाने ती परत केली आणि उच्च न्यायालयानेही तेच कायम केले. खाते मंगळूरचे आहे एवढी एक वस्तुस्थिती नीट प्रस्थापित होण्यासाठी प्रकरण दिल्लीपर्यंत गेले.

एवढ्यासाठी इतका मोठा फेरा पडावा, हे दुर्दैव. परतीच्या मेमोवर ज्या शाखेतून धनादेश पाठविला तिचे नाव असेल आणि मूळ शाखेचा उल्लेख नसेल, तर घोटाळ्याला तेथूनच सुरुवात होते. ज्या ग्राहकाचा धनादेश परत आला आहे, त्याने मेमो घेतानाच आपले खाते कोणत्या शाखेत आहे याचे पत्र किंवा शाखेचे नाव स्पष्ट दिसेल असा खातेउतारा मागून घ्यावा. मधल्या काळात खाते एका शाखेतून दुसऱ्या शाखेत हलविले असेल, तर धनादेश भरला त्या दिवशी ते कोठे होते, हे कागदावर यावयास हवे. काउंटरवरील कर्मचाऱ्याला या पाच मिनिटांच्या कामाचे महत्त्व एरवी जाणवणार नाही.

चुकीच्या न्यायालयात फिर्याद गेली तर काय? दंडाधिकारी ती योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी शेरा मारून परत करतो. हक्क नाहीसा होत नाही, पण महिन्याची मुदत उलटून गेलेली असू शकते. मग विलंबाचे समाधानकारक कारण न्यायालयाला पटवून द्यावे लागते. २००२ च्या दुरुस्तीने तशी सोय केली आहे. दोन न्यायालयांनी एकाच गुन्ह्याची दखल घेतली आणि वाद पडला, तर निर्णय उच्च न्यायालय करते.

धनादेशाची फिर्याद थेट न्यायालयात होते, तेथे पोलिसांचे काम नाही. फसवणुकीची तक्रार मात्र बहुधा पोलिस ठाण्यातून सुरू होते आणि ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे वाक्य पुष्कळांनी ऐकलेले असते. ते आता कायद्याला धरून नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात देता येते. ती नोंदवून घेऊन योग्य ठाण्याकडे पाठविण्याची ही पद्धत ‘झिरो एफआयआर’ या नावाने आधीपासून परिचित होती. संहितेने तिला कायद्याचा आधार दिला. इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही खबर देता येते, मात्र देणाऱ्याने तीन दिवसांत तिच्यावर सही करावयास हवी.

ऑनलाइन फसवणुकीत तर हद्दीचा विचार करीत बसण्याइतकाही वेळ नसतो. रक्कम काही मिनिटांत तीन-चार राज्यांतील खात्यांतून फिरून रोख काढली जाऊ शकते. अशा वेळी १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करणे आणि त्याच दमात आपल्या बँकेला कळविणे, ही दोन कामे आधी करावयाची. पैसे वाटेतच गोठविले गेले तर मिळण्याची आशा राहते. खटला कोणत्या गावी चालावयाचा तो नंतर चालेल. कलम २०२ चे चार दरवाजे तोवर बंद होत नाहीत.